देवळाबाहेरचा बिल्ला

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पुण्यातल्या नव्या पेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानांसमोर रांगा लागतात. एमपीएससी करणारी मुलं प्रवेशपत्राची प्रिंट काढायला आलेली असतात. दुकानातल्या कॉम्प्युटरवर मेल उघडायची, पीडीएफ उतरवायची, सुटे पैसे काउंटरवर ठेवायचे आणि अभ्यासिकेकडे पळायचं. मागे एकदा माझ्या पुढचा मुलगा असाच पळाला. मी माउसला हात लावला तर त्याची अख्खी मेलपेटी समोर उघडी! बँकेची पत्रं, आईचे रक्ताचे रिपोर्ट, सगळं. मी आधी ‘साइन आउट’ दाबलं. पण मनात आलं, माणूस केव्हाच निघून गेला, मग हे यंत्र अजून त्याचंच दार का उघडं धरून बसलं होतं?

कुठल्याही परक्या यंत्रावर आपली मेल उघडता येणं, हेच मुळात नवल. त्याला पुण्याचा एक धागा आहे. सबीर भाटिया शाळेची सुरुवातीची वर्षं पुण्याच्या बिशप्समध्ये शिकले. पुढे अमेरिकेत नोकरी करताना ऑफिसच्या फायरवॉलमुळे त्यांना आणि त्यांचे सहकारी जॅक स्मिथ यांना खासगी मेल उघडता येईना. त्या अडचणीतून ४ जुलै १९९६ रोजी हॉटमेल सुरू झालं. ब्राउझर असलेलं कोणतंही यंत्र आता तुमची टपालपेटी झालं.

पण मग त्या यंत्रासमोर बसलेले तुम्ही, तुम्हीच कशावरून?

त्यासाठी परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड. आणि इथे मला दरवेळी थक्क व्हायला होतं: नीट बांधलेल्या मेलसेवेकडे तुमचा पासवर्ड लिहून ठेवलेलाच नसतो! असते ती त्याची चटणी. पाट्यावर वाटलेल्या चटणीतून अख्खी मिरची परत काढता येत नाही, तसं एक गणित पासवर्ड असा वाटून टाकतं की उलट फिरता येत नाही. तुम्ही पासवर्ड टाकलात की सर्व्हर तो पुन्हा वाटतो आणि जुन्या चटणीशी ताडून बघतो. जुळली तर आत. शिवाय प्रत्येकाच्या वाटणात वेगळं मीठ पडतं, त्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी चटण्या वेगळ्या. मीठ हा शब्द माझा नाही. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ च्या निबंधात ‘सॉल्ट’ हेच नाव वापरलं आहे.

आत गेल्यावरची गोष्ट याहून विलक्षण आहे. वेबचा सर्व्हर जन्मजात विसरभोळा. एका क्लिकनंतर पुढची क्लिक त्याच माणसाची आहे, हे त्याला आपणहून कळत नाही. प्रत्येक पत्रासाठी पुन्हा पासवर्ड विचारायचा का? नेटस्केपच्या लू माँटुली यांनी १९९४ मध्ये यावर तोड काढली, ती म्हणजे कुकी. देवळाबाहेर चपला ठेवल्या की बिल्ला मिळतो ना, तसा सर्व्हर ब्राउझरच्या हातात एक बिल्ला ठेवतो आणि पुढे प्रत्येक क्लिकबरोबर ब्राउझर तो मुकाट्याने दाखवत राहतो. बिल्ल्यावरचा आकडा यदृच्छ असतो. तो १२८ बिटांचा धरला, तर शक्यतांची संख्या ३९ आकडी होते. सेकंदाला शंभर कोटी अंदाज बांधले तरी सगळ्या शक्यता तपासायला विश्वाच्या वयाच्या हजारो कोटी पट काळ लागेल.

म्हणजे बिल्ला ओळखून काढणं अशक्यच. पण बिल्ल्यावर नाव नसतं. ज्याच्या हातात बिल्ला, त्याच्या चपला.

त्या मुलाचं उत्तर इथे आहे. पासवर्ड त्याच्या डोक्यात राहून त्याच्याबरोबर गेला. बिल्ला दुकानातल्या ब्राउझरच्या खणात राहिला. फुलीवर क्लिक करून खिडकी बंद केली असती, तरी बहुधा तो तिथेच राहिला असता. ‘साइन आउट’ दाबलं की ब्राउझर बिल्ला टाकून देतो आणि सर्व्हरही आपल्या वहीत तो आकडा खोडतो. खोडलेल्या आकड्याची कुणी आधीच नक्कल करून ठेवली असेल, तर तीही फुकट जाते. दुकानात मेल उघडायचीच असेल तर इन्कॉग्निटो खिडकी बरी. ती बंद होताना आपल्या कुकीज पुसते. आणि ब्राउझरने ‘पासवर्ड जतन करू?’ विचारलं तर नाही म्हणा, नाहीतर बिल्ल्याबरोबर किल्लीही दुकानातच राहते.

समजा, हे सगळं त्याला हडपसरच्या बसमध्ये आठवलं असतं. तरी त्याला परतायची गरज नव्हती. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात आपण कुठकुठल्या यंत्रांवर आत आहोत याची यादी दिसते. त्याने फोनवर ती उघडून दुकानातल्या कॉम्प्युटरसमोर ‘साइन आउट’ दाबलं असतं, तर वहीतला आकडा तिथूनच खोडला गेला असता आणि नव्या पेठेतल्या पडद्यावर, माझ्या डोळ्यांदेखत, पुढच्या क्लिकला पासवर्डची रिकामी चौकट आली असती.