होम थिएटरचा रिसिव्हर : खोक्यावरील वॅटच्या आकड्याला किती महत्त्व द्यावे?

मुंबई : होम थिएटरसाठी एव्ही रिसिव्हर घेण्यास गेलेल्या ग्राहकाच्या नजरेत प्रथम भरतो तो खोक्यावरील वॅटचा आकडा. शेजारी ठेवलेल्या दोन खोक्यांपैकी एकावर १०० आणि दुसऱ्यावर १४५ लिहिलेले असेल, तर काटकसरीने जमवलेल्या पैशांतून मोठ्या आकड्याचे यंत्र घ्यावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र हे दोन्ही आकडे एकाच मापाने मोजलेले असतीलच असे नाही आणि लहान आकड्याचे यंत्र प्रत्यक्षात अधिक सक्षम निघू शकते.

रिसिव्हर हे होम थिएटरचे मध्यवर्ती यंत्र. दूरचित्रवाणी संच, सेट-टॉप बॉक्स किंवा गेम कन्सोल यांच्याकडून आलेला ध्वनी तो उलगडतो, प्रत्येक स्पीकरचा वाटा वेगळा करतो आणि त्याला पुरेशी शक्ती देऊन पुढे पाठवतो. ५.१ व्यवस्थेत पुढे तीन, श्रोत्याच्या बाजूला किंवा किंचित मागे दोन स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर असतो. सबवूफरला बहुधा स्वतःचा ॲम्प्लिफायर असल्याने त्याचा भार रिसिव्हरवर पडत नाही.

वॅटचा घोळ मोजणीच्या अटींत आहे. जाहिरातीतील आकडा अनेकदा एकच वाहिनी चालू ठेवून, ६ ओहमच्या भारावर, १ किलोहर्ट्झच्या एकाच स्वरावर आणि कधी कधी तब्बल १० टक्के विकृती गृहीत धरून काढलेला असतो. इतकी विकृती कानाला सहज खुपते. दोन वाहिन्या एकाच वेळी चालू, ८ ओहमचा भार, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ हा संपूर्ण पट्टा आणि ०.१ टक्क्याहून कमी विकृती, ही त्याहून प्रामाणिक कसोटी होय. खोक्यावर १३० ते १४५ वॅट मिरवणारे प्राथमिक श्रेणीतील रिसिव्हर अशा कडक मोजणीत साधारण ७० ते ९० वॅटपर्यंत उतरतात. पाचही वाहिन्या एकदम जोर मागू लागल्या, तर एकाच वीजपुरवठ्याची वाटणी होऊन प्रत्येकीच्या वाट्याला त्याहूनही कमी येते. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने अशा दाव्यांसाठी १९७४ मध्ये नियम केला होता; २०२४ मध्ये त्यात सुधारणा करून चाचणीच्या अटी नेमक्या ठरवून देण्यात आल्या. भारतीय ग्राहकाला हा तपशील माहितीपुस्तिकेच्या अखेरच्या पानांवर सापडतो. बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळांवर ही पुस्तिका विनामूल्य मिळत असल्याने ती दुकानात जाण्यापूर्वीच वाचलेली बरी.

७० वॅट म्हणजे मात्र कमी नव्हे. शक्ती दुप्पट केली की आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो आणि कानाला तो दुप्पट मोठा वाटण्यासाठी शक्ती सुमारे दसपट करावी लागते. या हिशेबाने ७० आणि ९० वॅटमधील अंतर जेमतेम १ डेसिबलचे ठरते. एका वॅटला एक मीटर अंतरावर ८८ डेसिबल आवाज देणारा स्पीकर ६४ वॅटवर १०६ डेसिबलपर्यंत पोहोचतो. शहरातील दहा बाय बाराच्या दिवाणखान्यात तेवढा आवाज केला, तर शेजारी दार ठोठावतील. रोजच्या पाहण्यात प्रत्येक स्पीकर बहुतांश वेळ मोजकेच वॅट वापरत असतो.

म्हणूनच मर्यादित अंदाजपत्रकात पैशांचा मोठा वाटा स्पीकरकडे वळवणे शहाणपणाचे आहे. ८५ ऐवजी ८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर निवडला, तर रिसिव्हरची शक्ती दुप्पट केल्यासारखा परिणाम मिळतो. एकूण ७५ हजार रुपये हाताशी असतील, तर त्यातील ३० हजारांच्या आसपास रिसिव्हरवर आणि उरलेले स्पीकर व सबवूफरवर, अशी विभागणी योग्य ठरावी. सर्व एकदम घेण्याचीही गरज नाही. प्रथम पुढचे दोन चांगले स्पीकर, पुढे संवादांसाठी मधला, मग सबवूफर, अशी भर पुढील काही वर्षांत घालता येते. एकाच खोक्यात सर्व काही देणाऱ्या स्वस्त संचांत ही मुभा क्वचितच असते. ४ ओहमचे स्पीकर घेणार असल्यास रिसिव्हर ते चालवू शकतो का, हे आधी तपासावे लागते. महागड्या तारांवर खर्च करण्याचे कारण नाही. साध्या खोलीत १६ गेजची तांब्याची तार पुरते.

जोडणीच्या बाबतीत एचडीएमआय एआरसी ही सोय मात्र टाळता येण्याजोगी नाही. अनेक घरांत चित्रपट दूरचित्रवाणी संचातील ॲपवरूनच पाहिले जातात आणि तो ध्वनी त्याच केबलने रिसिव्हरकडे परत आणण्याचे काम एआरसी करते. ईएआरसी ही तिची पुढची आवृत्ती ब्ल्यू-रेवरील असंकुचित दर्जाचा ध्वनीही वाहून नेते. केवळ ओटीटी पाहणाऱ्यांचे तिच्यावाचून अडत नाही. डॉल्बी ॲटमॉस घरगुती रिसिव्हरमध्ये २०१४ पासून आले, पण त्याचा खरा लाभ छतातील वा छताकडे तोंड केलेल्या स्पीकरशिवाय मिळत नाही. भाड्याच्या घरात छताला भोके पाडण्याची परवानगी कोण देणार? सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल, तर ७.१ च्या दोन जादा वाहिन्याही शोभेपुरत्याच उरतात.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे लजपतराय मार्केट, चेन्नईची रिची स्ट्रीट वा बेंगळुरूचा एसपी रोड येथे चौकशी करताना किंवा परदेशातील नातेवाइकांकडून यंत्र मागवताना मागच्या पट्टीवरील व्होल्टेज पाहणे आवश्यक आहे. अमेरिकेतील यंत्र १२० व्होल्टचे, जपानमधील १०० व्होल्टचे असू शकते. ते थेट २३० व्होल्टच्या भारतीय सॉकेटला जोडल्यास जळू शकते. पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घेतला, तर किमतीतील बचत बरीचशी त्यातच संपते आणि भारतातील हमी बहुधा मिळत नाही. वापरलेले यंत्र घेताना प्रत्येक एचडीएमआय सॉकेट, प्रत्येक वाहिनी आणि रिमोट दुकानातच तपासून घ्यावे. खोलीनुसार ध्वनी जुळवण्यासाठी अनेक रिसिव्हरसोबत येणारा छोटा मायक्रोफोन जुन्या व्यवहारांत हमखास गहाळ झालेला असतो. यंत्र घरी आल्यावर त्याच्या वर आणि बाजूंना काही इंच मोकळी जागा लागते. काचेचे दार लावलेल्या शोकेसमध्ये ते तापून मध्येच बंद पडू शकते.