जालना : मोंढ्यातून उभी राहिलेली कारखानदारी

कुंडलिका नदीच्या दोन काठांवर वसलेले जालना शहर १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्ह्याचे मुख्यालय झाले, तरी व्यापारी पेठ म्हणून असलेला त्याचा लौकिक या प्रशासकीय घटनेपेक्षा कितीतरी जुना असून ‘जालना, सोने का पालना’ ही दखनी वळणाची म्हण मराठवाड्यात आजही ऐकू येते. या परिसरात लोहखनिज नाही, कोळसा नाही, समुद्र सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे आणि पाऊस बेभरवशाचा आहे. असे असूनही संकरित बियाणे आणि बांधकामाच्या लोखंडी सळया या दोन अत्यंत भिन्न वस्तूंसाठी या शहराचे नाव राज्याबाहेर पोहोचले. दोन्ही उद्योग प्रामुख्याने कुटुंबांच्या मालकीचे राहिले, आणि त्यांचे मूळ कच्च्या मालात न शोधता येथील मोंढ्यात शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल.

मोंढा म्हणजे धान्य, कापूस व भुसार मालाची घाऊक बाजारपेठ. निझामाच्या राज्यातून मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग १९००च्या सुमारास जालन्यावरून गेला, तेव्हापासून गोदावरी खोऱ्यातील कापूस आणि तेलबिया या पेठेत मोठ्या प्रमाणावर येऊ लागल्या. शेतकऱ्याचा माल विकून देऊन त्यावर दलाली घेणारा आणि अडीअडचणीला त्याला उचल देणारा आडत्या हा या पेठेचा कणा होता. कोणत्या गावात कोणाची जमीन कशी आहे, कोण शब्दाला पक्का आहे आणि कोणाकडे पैसा अडकेल, ही माहिती त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या साठत गेली. बँकेच्या दृष्टीने तारण ठरू न शकणारी ही माहिती पुढे बियाण्यांच्या धंद्यात कोणत्याही यंत्रापेक्षा अधिक मोलाची ठरली.

हैदराबाद मुक्तिसंग्रामात सहभागी झालेले बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात ‘महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी’, म्हणजे सर्वतोमुखी झालेली ‘महिको’, स्थापन केली. त्याआधी त्यांनी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘पुसा सावनी’ या भेंडीच्या वाणाचे बियाणे तयार करून विकण्याचा अनुभव घेतला होता. पाने पिवळी पाडणाऱ्या विषाणुरोगाला हा वाण त्या काळी तोंड देत असे. कंपनीच्या स्थापनेची वेळही अनुकूल होती. राष्ट्रीय बीज निगम १९६३ मध्ये अस्तित्वात आले होते, ज्वारीचा ‘सीएसएच-१’ हा पहिला संकरित वाण १९६४ मध्ये आणि बाजरीचा ‘एचबी-१’ १९६५ मध्ये प्रसारित झाला, तर बियाणे कायदा १९६६ मध्ये संमत झाला. सरकारी संस्था वाण निर्माण करू शकत होत्या, परंतु ते लाखो शेतकऱ्यांपर्यंत वेळेवर आणि खात्रीलायक स्वरूपात पोहोचवणारी यंत्रणा तोकडी होती, आणि ही उणीव भरून काढण्याचे काम खासगी उद्योगाकडे आले.

संकरित बियाणे म्हणजे दोन भिन्न जनक वाणांचा संयोग घडवून मिळवलेले पहिल्या पिढीचे बी. त्यापासून येणाऱ्या पिकात जोम असतो, पण त्याच पिकाचे बी पुढच्या वर्षी पेरल्यास गुणधर्म विखुरतात, म्हणून शेतकऱ्याला दरवर्षी नवे बियाणे विकत घ्यावे लागते. उद्योगाची भरभराट आणि शेतकऱ्याचे परावलंबन ही एकाच जैविक नियमाची दोन फळे आहेत, हे येथे स्पष्टपणे म्हणायला हवे. ज्वारी-बाजरीत मादी ओळींसाठी नरवंध्य, म्हणजे स्वतः परागकण तयार न करणारे वाण वापरले जातात आणि परागीभवन वाऱ्याने होते. कापसात मात्र हे काम हातांनी करावे लागते: संध्याकाळी कळीतील पुंकेसर काढून टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निवडलेल्या नर वाणाच्या फुलाचे परागकण तिच्यावर लावायचे, असा क्रम फुलोऱ्याच्या हंगामात रोज चालतो. आजूबाजूच्या शेतातील परागकण मिसळू नयेत म्हणून ठरावीक विलगीकरण अंतर राखावे लागते. या साऱ्याचा अर्थ असा की बियाण्यांचा खरा कारखाना शेकडो बीजोत्पादक शेतकऱ्यांच्या रानात पसरलेला असतो, आणि सरकीवरील लव आम्लाने काढणे, प्रतवारी, उगवणशक्तीची चाचणी व पाकीटबंदी एवढेच छपराखाली होते. एका शेतकऱ्याच्या हलगर्जीपणाने अख्ख्या तुकडीची शुद्धता जाऊ शकते, म्हणून माणसे पारखण्याची मोंढ्यातील विद्या येथे कामी आली.

बारवाले यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार आणि २००१ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९९८ हेच कंपनीच्या इतिहासातील वळणाचे वर्षही ठरले: अमेरिकेतील मोन्सँटोने महिकोत २६ टक्के भागभांडवल घेतले आणि दोघांची निम्म्या-निम्म्या भागीदारीची संयुक्त कंपनी निघाली. बोंडअळीला मारक प्रथिन तयार करणारे जीवाणूचे जनुक असलेल्या बीटी कापसाला २६ मार्च २००२ रोजी मान्यता मिळाली, आणि मान्यता मिळालेले पहिले तिन्ही वाण महिकोचे होते. पुढे जवळजवळ सगळे कापूसक्षेत्र बीटीने व्यापले. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने बियाण्यांच्या किमती नियंत्रणाखाली आणल्या, तर २०१७च्या हंगामात महाराष्ट्रातील शेतांत गुलाबी बोंडअळीने या तंत्रज्ञानाची मर्यादा उघड केली. बीटी वांग्याची कथा याहून विलक्षण आहे. महिकोने विकसित केलेल्या या वांग्यावर फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्र सरकारने स्थगिती आणली, परंतु त्याच जनुकीय गुणधर्माच्या वांग्यांना बांगलादेशाने २०१३ मध्ये लागवडीची परवानगी दिली. बदनापूर तालुक्यातील दावलवाडी येथे कंपनीचे संशोधन केंद्र आहे. २०१७ मध्ये संस्थापकांचे निधन झाले, तरी धुरा पुढच्या पिढीकडेच आहे. ‘बेजो शीतल’सारख्या भाजीपाला बियाण्यांच्या कंपन्याही याच शहरात वाढल्या.

पोलादाकडे वळताना प्रमाण एकदम बदलते. औद्योगिक वसाहतीतील प्रेरण भट्ट्या, म्हणजे विद्युतचुंबकीय प्रेरणेने धातू वितळवणाऱ्या भट्ट्या, भंगार आणि लोहस्पंज सुमारे सोळाशे अंश सेल्सियसला वितळवतात. त्याचे ओतीव ठोकळे रोलिंग मिलमध्ये लाटून सळई बनते. अखेरच्या रुळांतून बाहेर पडणारी तप्त सळई पाण्याच्या जोरदार फवाऱ्यातून नेली जाते, त्यामुळे तिचे बाह्य आवरण कठीण होते आणि गाभ्यातील उष्णता नंतर त्या आवरणाला चिवटपणा देते. हीच टीएमटी सळई. कालिका, राजुरी, भाग्यलक्ष्मी ही नावे मराठवाड्यातील गावोगावच्या भिंतींवर रंगवलेली दिसतात. हा धंदा खनिजावर चालत नाही, तो भंगाराचा भाव, विजेचा दर आणि उधारी यांच्या हिशेबावर चालतो, आणि हिशेबाची ही परंपरा जालन्याला नवी नव्हती. वीजदरात थोडी वाढ झाली तरी नफ्याचे गणित बिघडते, म्हणून २०१६ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील उद्योगांना मिळालेली वीज सवलत येथे जिव्हाळ्याचा विषय ठरली.

पाण्याची बाजू मात्र दुबळी आहे. निझामकालीन घाणेवाडी तलाव नव्या जालन्याची तहान भागवत आला, पण २०१२-१३च्या दुष्काळात जालना राज्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत होता. तलावातील गाळ काढण्यासाठी नागरिक आणि उद्योजक एकत्र आले आणि जायकवाडी धरणाचे पाणी जलवाहिनीने शहरापर्यंत आणले गेले. दूरच्या बंदरावर उपाय म्हणून जवाहरलाल नेहरू बंदराच्या वतीने जालन्याजवळ शुष्क बंदर, म्हणजे कंटेनरची सीमाशुल्क तपासणी व चढउतार समुद्रापासून दूर करण्याची व्यवस्था, आखण्यात आले आणि समृद्धी महामार्गाचा जालन्यावरून जाणारा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. आयात भंगार कंटेनरमधून थेट भट्टीच्या दाराशी उतरवता आले, तर दर टनामागील वाहतूकखर्चाचे जे ओझे येथील गिरण्या आजवर वाहत आल्या, ते पहिल्यांदाच हलके होऊ शकेल.