कोळंबीचे खाद्य : फिशमीलची जागा कोण घेणार?

आमच्या वाचकांत सुक्या मासळीचे, पेंडीचे, चिकनचे आणि चामड्याचे व्यवसाय करणारे अनेक बांधव आहेत. हे चार धंदे एकमेकांपासून दूरचे वाटतात. पण कोळंबीच्या खाद्याच्या बाजारात चौघांचाही माल येऊन पोहोचतो. म्हणून या बाजारात काय बदलते आहे, ते समजून घेणे आवश्यक आहे.

कोळंबीच्या तळ्यावर होणाऱ्या खर्चात निम्म्याच्या आसपास रक्कम एकट्या खाद्याची असते. 2009 मध्ये परवानगी मिळाल्यापासून आपल्या देशात वनामी जातीची कोळंबी सर्वत्र पसरली. तिच्या खाद्यात साधारण 35 टक्के प्रथिने लागतात. त्यांतला मोठा वाटा वर्षानुवर्षे फिशमीलचा, म्हणजे सुकवून दळलेल्या बारीक मासळीचा, राहिला. चांगल्या फिशमीलमध्ये 60 ते 65 टक्के प्रथिने असतात, ती सहज पचतात आणि त्याच्या वासाने कोळंबी खाद्याकडे धावते.

अडचण पुरवठ्याची आहे. जगातील सर्वाधिक फिशमील पेरू देशाच्या किनाऱ्यावरील अँकोव्ही मासळीपासून बनते. 2023 मध्ये एल निनोमुळे तेथील पहिला मासेमारी हंगामच रद्द झाला आणि जगभर भाव चढले. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने 54 जातींच्या मासळीसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून दिले. लहान पिल्ले जाळ्यात ओढून ती गिरणीत दळायची, तर उद्या बंदरावर मोठी मासळी येणार कुठून? मच्छीमाराच्या पोटाचाच हा प्रश्न आहे. साहजिकच कारखानदार फिशमीलचे प्रमाण कमी करीत आहेत.

पहिला पर्याय सोयाबीनच्या पेंडीचा. तेल काढून उरलेल्या डीओसीमध्ये 45 ते 48 टक्के प्रथिने असतात आणि लातूरपासून विदर्भापर्यंत हा माल आपल्या दारात आहे. मात्र त्यात मिथिओनिन हा आवश्यक घटक कमी पडतो, तो वरून घालावा लागतो. पेंड नीट भाजलेली नसेल, तर पचनाला अडथळा होतो. भावाचीही खात्री नाही. 2021 मध्ये पेंड इतकी महागली, की केंद्र सरकारने 12 लाख टन आयातीला परवानगी दिली. शेंगदाण्याची पेंड चालते. पण ओलसर गोदामात तिला बुरशी लागून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते.

दुसरा पर्याय कोंबडीच्या अवशेषांचा. चिकनच्या दुकानातील जो कचरा उचलायला आपण पैसे मोजतो, तोच कारखान्यात शिजवून, चरबी काढून, वाळवून दळला, की 60 टक्क्यांच्या आसपास प्रथिनांची भुकटी मिळते. युरोपीय संघाने 2013 पासून मत्स्यखाद्यात अशा भुकटीला मुभा दिली. गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांच्या अवशेषांना मात्र नाही. म्हणून भुकटी कोणत्या जनावराची, हे पोत्यावर स्वच्छ लिहिलेले असावे. आपल्या ग्राहकालाही तो प्रश्न पडतोच. कच्चा कचरा तळ्यात टाकणे मात्र रोगाला आमंत्रण आहे. कोळंबीची कच्ची डोकी कोळंबीलाच घातली, तर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग पसरतो. या रोगाने 1994-95 मध्ये आपल्याकडील तळी उद्ध्वस्त केली होती.

तिसरा पर्याय काळ्या सोल्जर माशीच्या अळ्यांचा. भाजीपाल्याच्या कचऱ्यावर त्या वाढतात आणि सुकवल्यावर 40 टक्क्यांच्या आसपास प्रथिने देतात. पण हा माल अजून महाग पडतो. त्यात उडी घेण्यापूर्वी हिशेब मांडावा.

आता मुख्य मुद्दा. या बाजारात टक्का पाहून भाव ठरतो आणि नेमकी तेथेच फसवणूक होते. प्रयोगशाळा प्रथिने थेट मोजत नाही. नायट्रोजन मोजून त्याला 6.25 ने गुणते. फिशमीलमध्ये 1 किलो युरिया मिसळला, तर कागदावर जवळजवळ 2 किलो 900 ग्रॅम प्रथिने वाढलेली दिसतात. कोळंबीच्या पोटात काहीच जात नाही. कोंबडीच्या पिसांत 80 टक्क्यांहून अधिक प्रथिने भरतात; पण दाबाखाली वाफवल्याशिवाय ती पचत नाहीत.

चामड्याच्या कामातील बांधवांनी विशेष ध्यानात घ्यावे. क्रोम टॅनिंग केलेल्या चामड्याच्या छिलक्यांतही कागदावर भरपूर प्रथिने दिसतात. ढाक्याच्या हजारीबागेत त्यांपासून कोंबड्यांचे व माशांचे खाद्य बनत असे. त्यातले क्रोमियम जनावरांच्या अंगात उतरते आणि शेवटी माणसाच्या ताटात येते. 2011 मध्ये तेथील न्यायालयाला असे कारखाने बंद करण्याचा आदेश द्यावा लागला. कोणी छिलक्यांना चांगला भाव देऊ लागला, तर ती कशासाठी हवीत, हे आधी विचारावे.

तेव्हा माल घेताना-देताना नमुना तपासून घ्या. प्रथिनांबरोबर युरिया, वाळू, मीठ, ओलावा आणि अफ्लाटॉक्सिन यांचाही अहवाल मागा. तांत्रिक सल्ल्यासाठी चेन्नईची निमखाऱ्या पाण्यातील मत्स्यशेतीची केंद्रीय संस्था, मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आणि रत्नागिरीचे मत्स्य महाविद्यालय आहेत.

फिशमीलची जागा कोणताही एक माल घेणार नाही. चार-पाच माल मिळून घेतील. त्यांत आपला माल टिकेल की नाही, हे त्याच्या शुद्धतेवर ठरेल. मिसळीचे एक पोते आज खपेल. पण एका तळ्यात कोळंबी वाढली नाही, की ती बातमी पुढच्या तळ्यावर आपल्याआधी पोहोचते.