बोर्डो मिश्रण : मोरचूद आणि चुन्याचा हिशेब



सुपारीच्या बागेत कोळेरोग शिरला की भर पावसात कच्ची फळे कुजून गळतात. द्राक्षावर केवडा आला की पाने आणि घड दोन्ही जातात. या बुरशीजन्य रोगांवर बोर्डो मिश्रण हा जुना उपाय आहे. फ्रान्समधील बोर्डो भागात मिलार्डे या शास्त्रज्ञाने द्राक्षाच्या केवड्यावर तो १८८५ साली जाहीर केला. पण मिश्रण चुकले तर रोग बाजूलाच राहतो आणि औषधानेच कोवळी पाने भाजतात. असे का होते, ते नीट समजून घेऊ या.

आम्ल आणि अल्कली

मोरचुदाचे पाणी आम्लधर्मी असते. ते नुसतेच फवारले तर त्यातले विरघळलेले तांबे पानात शिरते व पान करपते. चुन्याची निवळी अल्कधर्मी असते. दोन्ही एकत्र आले की आम्लपणा मरतो, आणि तांबे फिकट निळ्या, न विरघळणाऱ्या साक्याच्या रूपात बाहेर येते. हा साका पानाला चिकटून बसतो, त्यातून तांबे थोडे थोडे सुटते व बुरशीचे बी रुजू देत नाही.

किती मोरचुदाला किती चुना?

रसायनांचे माप ठरलेले असते. २५० ग्रॅम मोरचूद पुरता मारायला ५६ ग्रॅम शुद्ध कळीचा चुना लागतो. म्हणजे १ किलो मोरचुदाला सुमारे २२५ ग्रॅम. चुना आधीच विरवलेला असेल तर सुमारे ३०० ग्रॅम, कारण त्यात पाण्याचे वजन मिळालेले असते.

मग आपण १ किलोला १ किलो चुना का सांगतो? बाजारचा चुना शुद्ध नसतो, म्हणून. त्यात खडे असतात. शिवाय उघड्यावर पडलेला चुना हवा खाऊन पुन्हा चुनखडी बनतो. चुनखडी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे ती इथे कामाची नाही. समजा, तुमच्या एक किलोत चांगला चुना १०० ग्रॅमच उरला. वजन बरोबर भरले, पण मोरचुदाचा मोठा हिस्सा मोकळाच राहिला. पाने भाजतात ती यामुळे. चुना थोडा जास्त झाला तर पान भाजत नाही, फार तर पंपाचे तोंड तुंबते. म्हणून घट्ट, ढेकळासारखा ताजा कळीचा चुना घ्या. भुकटी झालेला नको.

एक टक्का मिश्रण : १०० लिटर

१. १ किलो मोरचूद बारीक करून ५० लिटर पाण्यात विरघळवा. भांडे प्लॅस्टिकचे, मातीचे किंवा लाकडी असावे. लोखंडी किंवा जस्ती पत्र्याचे नको.

२. १ किलो कळीचा चुना दुसऱ्या भांड्यात थोड्या थोड्या पाण्याने विरवा. चुना तापतो आणि उडतो, तेव्हा डोळे सांभाळा, मुलांना दूर ठेवा. थंड झाल्यावर पाणी घालून ५० लिटर करा व फडक्यातून गाळा.

३. दोन्ही पाणी तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओता आणि काठीने ढवळत राहा.

एका १० लिटरच्या पंपापुरते करायचे तर मोरचूद १०० ग्रॅम, चुना १०० ग्रॅम.

विळ्याची परीक्षा

घासून स्वच्छ केलेला विळा मिश्रणात मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद अजून मोकळा आहे असे समजा. मोकळे तांबे लोखंडावर येऊन बसते. मग चुन्याची निवळी थोडी थोडी घालून ढवळा, विळा घासून पुन्हा बुडवा. थर येईनासा झाला की मिश्रण तयार. निळा लिटमस कागद असेल तर तोही बुडवून पाहा. तो लाल होता कामा नये.

लक्षात ठेवा

- मिश्रण त्याच दिवशी वापरा. शिळे झाले की साक्याचा चिकटपणा जातो.
- त्यात दुसरे कीटकनाशक मिसळू नका. चुन्यामुळे बरीच औषधे निकामी होतात.
- सुपारीवर पहिली फवारणी पाऊस सुरू होण्याआधी करा, दुसरी ४० ते ४५ दिवसांनी, उघडीप पाहून. घड नीट भिजले पाहिजेत.
- काम झाल्यावर पंप स्वच्छ धुवा. धुतलेले पाणी विहिरीत किंवा ओढ्यात सोडू नका.

वजन तराजूवर करा, मुठीने नको. आणि विळा बुडवून पाहिल्याशिवाय पंप भरू नका.