वेम्बान्यामा नेमका कोणासारखा?

२०२३ मध्ये एनबीए या बास्केटबॉल लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत सॅन अँटोनियो स्पर्स संघाने फ्रान्सच्या व्हिक्टर वेम्बान्यामाची पहिल्या क्रमांकावर निवड केली, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि उंची सव्वासात फुटांच्या पुढे. तेव्हापासून प्रत्येक चाहता त्याच्यात एखादा जुना खेळाडू शोधतो आहे. हा शोध मला मनापासून आवडतो, कारण त्यानिमित्ताने जुना खेळ पुन्हा पाहिला जातो. पण अख्खा माणूस अख्ख्या माणसाशी ताडून पाहिला की हिशेब चुकतो. एकेक कौशल्य घेऊन पाहिलं तर मात्र पुष्कळ कळतं.

गैरसमज १ : उंची सारखी, म्हणजे खेळही सारखा.

वस्तुस्थिती : मनूट बोल सात फूट सात इंच उंच होता. १९८५-८६ या पहिल्याच हंगामात त्याने ३९७ ब्लॉक केले, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या तेवढ्या फेका हवेतच अडवल्या. पण साऱ्या कारकिर्दीत त्याच्या गुणांची बेरीज ब्लॉकच्या बेरजेहून कमी भरली. वेम्बान्यामाने पहिल्या हंगामात सामन्यामागे ३.६ ब्लॉक करून लीगमध्ये अव्वल स्थान मिळवलं आणि सोबत सरासरी २१.४ गुणही केले. उंचीमुळे हात बास्केटजवळ पोहोचतो. पुढे त्या हाताने काय करायचं, हे ज्याचं त्याला शिकावं लागतं.

गैरसमज २ : इतका उंच आणि इतका चपळ खेळाडू पूर्वी झालाच नाही.

वस्तुस्थिती : राल्फ सॅम्पसनला विसरून चालणार नाही. सात फूट चार इंचांचा हा खेळाडू चेंडू ड्रिबल करत धावायचा, दुरून फेकायचा. १९८६ मध्ये लेकर्स संघाविरुद्ध शेवटच्या सेकंदाला हवेतच वळून त्याने टाकलेल्या बास्केटने ह्यूस्टन रॉकेट्सला अंतिम फेरीत नेलं. पुढे गुडघ्यांनी दगा दिला. त्यावरून वेम्बान्यामाचंही तसंच होणार, असं भाकीत करणं चुकीचं आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत त्याचा हंगाम थांबला तो खांद्यातल्या रक्ताच्या गुठळीमुळे. या दोन दुखण्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

गैरसमज ३ : वेम्बान्यामा म्हणजे आजचा ओलाजुवान.

वस्तुस्थिती : जुना उंच खेळाडू हकीम ओलाजुवान याची ‘ड्रीम शेक’ नावाची हुलकावणी संथ गतीने पाहा. बास्केटकडे पाठ, चेंडू दोन्ही हातांत. तो एक खांदा किंचित झुकवतो. बचाव करणाऱ्याला वाटतं, हा इकडून निघाला, आणि त्याचा भार त्या बाजूच्या पायावर जातो. त्याच क्षणी ओलाजुवान एका पायावर गिरकी घेऊन उलट बाजूला मोकळा होतो. सगळी करामत पावलांची, तीही बास्केटपासून चार-सहा फुटांवर.

वेम्बान्यामा बहुतेक वेळा सुरुवात करतो तीन गुणांच्या रेषेबाहेर, बास्केटकडे तोंड करून. २०२४-२५ मध्ये त्याने सामन्यामागे ८.८ वेळा तिथून फेक केली. ओलाजुवानने अठरा हंगामांत मिळून तिथून १२४ फेका केल्या. वेम्बान्यामाने त्या हंगामात तेवढ्या पंधराएक सामन्यांत केल्या. यात कोणी श्रेष्ठ-कनिष्ठ ठरत नाही. एनबीएमध्ये ही रेषाच १९७९ मध्ये आली. तोवर करीम अब्दुल-जब्बारसारख्या उंच खेळाडूचे दहा हंगाम खेळून झाले होते. शिवाय उंच खेळाडूने बास्केटखाली उभं राहावं, अशीच प्रशिक्षकांची शिकवण पुढे कितीतरी वर्षं होती.

गैरसमज ४ : ब्लॉकचे आकडे शेजारी मांडले की बिल रसेलशी तुलना झाली.

वस्तुस्थिती : एनबीएने ब्लॉकची अधिकृत नोंद १९७३-७४ पासून ठेवली. बचावासाठी नावाजलेला रसेल १९६९ मध्येच निवृत्त झाला होता. त्यामुळे त्याचा एकही ब्लॉक अधिकृत नोंदीत नाही. आणि वेम्बान्यामाला पाहून जो खेळाडू आत शिरता शिरता थबकतो, चेंडू मागे देतो, त्याची नोंद ब्लॉकच्या रकान्यात आजही होत नाही. असा बचाव जोखायचा तर सामना पाहायलाच हवा.

गैरसमज ५ : शैली जन्मजात असते, ती दिसते किंवा दिसत नाही.

वस्तुस्थिती : ओलाजुवान लागोसमध्ये वाढला. बास्केटबॉल त्याच्या हाती आला तो पौगंडावस्थेत; त्याआधी तो हँडबॉल आणि फुटबॉल खेळायचा. आपल्या पावलांचं श्रेय तो फुटबॉलला देतो. वेम्बान्यामाचे वडील तिहेरी उडीपटू, आई बास्केटबॉल प्रशिक्षक. २०२५ च्या उन्हाळ्यात तो ह्यूस्टनला ओलाजुवानकडे शिकायला गेला. विशीतला मुलगा साठी ओलांडलेल्या उस्तादासमोर पुन्हा पाऊल कसं टाकायचं, ते गिरवत होता. यापुढे तो बास्केटकडे पाठ करून चेंडू मागेल, तेव्हा आकड्यांचा तक्ता बाजूला ठेवा आणि त्याच्या पायांकडे पाहा. कोणाचा कोणता गुण त्याच्याकडे आला, ते तिथे दिसेल.