फणसाच्या अंगावरचे अळंबे

युरोपातील सूचिपर्णी अरण्यांत, तोडलेल्या स्प्रूस वृक्षांच्या बुंध्यांवर, बडीशेपेसारखा परिमळ असलेले परंतु खाण्यास सर्वथा अयोग्य असे एक काष्ठवत् कवक वाढते. पेण-रोह्याच्या मुलखात सूचिपर्णी वृक्षांचे रान नाही (अलिबागच्या किनाऱ्यावरचा सुरू दिसतो तसा, पण वनस्पतिशास्त्राच्या दफ्तरी त्याची नोंद सपुष्प वृक्षांत आहे); तथापि तशाच कठीण अंगाचा एक अभक्ष्य जिन्नस कोकणपट्टीत जुन्या फणसांच्या खोडांवर आढळतो, त्याला फणसअळंबे अथवा फणसोंबा म्हणतात.

श्रावणात बाजारात येणारी रानअळंबी आज तोडावी व आजच शिजवावी अशी नाजूक. हे मात्र वर्षानुवर्षे खोडाला चिकटून राहते. वरून काळपट व भेगाळलेले, खालून तपकिरी आणि सूक्ष्म छिद्रांनी भरलेले असे त्याचे रूप असून, त्या छिद्रांच्या नळ्यांचा नवा थर जुन्याखाली जमत जात असल्यामुळे उभा छेद घेतला असता ते थर स्पष्ट मोजता येतात. हाताने ते निघत नाही, कुऱ्हाडच लागते.

एका घरी वृद्ध आजींनी सहाणेवर चार थेंब पाणी घालून त्याचा वाळलेला तुकडा उगाळावयास घेतला, तेव्हा प्रथम नुसते गढूळ पाणी सुटले. पण घाई न करता, चंदनाला देतात त्याहून अधिक जोर देत, त्यांनी हात फिरता ठेवला आणि हळूहळू गडद तपकिरी, दाट गंध सहाणेवर जमला. चंदनाचा सुवास येथे नाही, ओल्या लाकडाचा उग्र वास तेवढा आहे. हा लेप बालकांची लाळ फार गळू लागली की हिरड्यांना लावीत. अतिसारावर स्तंभक म्हणून पोटातही देत. वैद्य आणि रब्बा या संशोधकांनी १९९३ साली या लोकौषधीची नोंद इंग्रजी नियतकालिकात केली, हे उचितच झाले. परंतु नोंद म्हणजे गुणाचा दाखला नव्हे, आणि तान्ह्या मुलाच्या अतिसारात सहाण शोधण्याआधी डॉक्टर गाठावा.

बागाईतदाराने मात्र या अळंब्याकडे निराळ्या दृष्टीने पाहावे. बाहेर दिसते ते केवळ फळ. कवकाचे तंतू खोडाच्या गाभ्यात पसरून लाकूड पोखरीत असतात, म्हणून अळंबे खरवडून काढल्याने झाड बरे होत नाही, आणि अशा फणसाचा वासा घराला घालू नये.