पोकरचं टेबल ते बैलबाजार : समोरच्याच्या मनातला आकडा चेहऱ्यावर दिसतो का?

काळा गॉगल, डोक्यावर हुडी आणि चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. पोकरच्या रील्समध्ये असा एक गडी हमखास दिसतो. समोरचा त्याच्याकडे दोन मिनिटं टक लावून बघतो, 'हा थापा मारतोय' असं ओळखतो आणि सगळे पैसे घेऊन जातो. खाली कमेंट ठरलेली : 'बॉडी लँग्वेज वाचता आली पाहिजे भावा.'

पण असं खरंच वाचता येतं का? याचं उत्तर शोधायला लास वेगासला जायची गरज नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात काष्टी, लोणी, घोडेगाव असे जनावरांचे नावाजलेले बाजार भरतात. महाराष्ट्रातल्या जनावरांच्या बाजारात एक पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. दोन माणसं समोरासमोर उभी राहतात, हातावर रुमाल किंवा उपरणं टाकतात आणि त्याखाली बोटं दाबून भाव ठरवतात. बाजूला उभ्या असलेल्यांना फक्त दोन चेहरे दिसतात. आकडा दिसत नाही.

पोकर आणि हा सौदा, दोन्हीकडे प्रश्न एकच असतो. समोरच्याच्या मनात नेमकं काय आहे?

पोकरमधले 'टेल' म्हणजे काय?

टेक्सस होल्डेम या पोकरच्या सगळ्यात लोकप्रिय प्रकारात प्रत्येकाकडे दोन झाकलेली पानं असतात आणि टेबलावर सगळ्यांसाठी पाच पानं उघडली जातात. पानं खराब असली तरी मोठी बोली लावून समोरच्याला घाबरवता येतं. यालाच ब्लफ म्हणतात. आणि खेळाडूच्या नकळत त्याची पानं सांगून जाणारी शरीराची खूण म्हणजे 'टेल'.

माईक कॅरो या अमेरिकन खेळाडूने १९८४ मध्ये यावर अख्खं पुस्तक काढलं. त्याचा मुख्य मुद्दा असा, की खेळाडू नाटक करतात. पानं चांगली असली की उसासे टाकतात, खांदे पाडतात. पानं फालतू असली की छाती पुढे काढून रोखून बघतात. त्यामुळे जे मुद्दाम दाखवलं जातंय, त्याच्या उलटं धरा. कॅरोच्या मते अचानक थरथरणारा हातसुद्धा बऱ्याचदा ब्लफची नाही, तर जबरदस्त पानं आल्याची खूण असते.

मग चेहरा बघून खोटं पकडता येतं का?

सरळ सांगायचं तर, आपल्याला वाटतं तितकं नाही. चार्ल्स बाँड आणि बेला डीपावलो या संशोधकांनी खोटं ओळखण्यावरचे २०० हून अधिक अभ्यास एकत्र करून २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यात सर्वसामान्य माणसाचा अंदाज सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर निघाला. नाणं उडवलं तरी ५० टक्के मिळतातच. 'खोटं बोलणारा नजर चुकवतो' हा समज जगभर आहे, पण ती भरवशाची खूण नाही. खरं बोलणारा घाबरलेला माणूसही नजर चुकवतो आणि मुरलेला थापाड्या डोळ्यात डोळे घालून बोलतो.

पोकरवरचा एक प्रयोग तर आणखी भारी आहे. मायकल स्लेपियन आणि भारतीय वंशाच्या मानसशास्त्रज्ञ नलिनी अंबाडी यांच्या टीमने तो २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. २००९ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमधल्या आवाज बंद केलेल्या क्लिप्स लोकांना दाखवल्या आणि कोणाची पानं चांगली आहेत याचा अंदाज बांधायला सांगितलं. काहींना फक्त चेहरे दाखवले, तर काहींना फक्त चिप्स पुढे सरकवणारे हात.

चेहरा बघणारे फसले. त्यांचा अंदाज उलट्याच दिशेला झुकत होता. हात बघणाऱ्यांचा अंदाज मात्र नशिबाच्या भरवशापेक्षा सरस ठरला. पानं चांगली असली की हात सहज, न अडखळता पुढे जात होता. कारण साधं आहे. कसलेले खेळाडू चेहरा सांभाळायला शिकतात. हाताकडे तितकं लक्ष जात नाही.

बाजारात रुमाल नेमका काय झाकतो?

आता रुमालाखालच्या सौद्याकडे बघा. चेहरा उघडा आणि हात झाकलेला. बोटांच्या खुणांनी बोलायला मराठीत जुना शब्द आहे, करपल्लवी. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, पूर्ण पंजा म्हणजे पाच. ते शेकड्यात आहे की हजारात, हे दोघांना माहीत असतं. बारीकसारीक खुणा बाजारागणिक बदलतात. तोंडाने मात्र फक्त 'नाही परवडत', 'बघा की अजून' एवढंच चालू असतं.

यात व्यापाऱ्याचा फायदा उघड आहे. एका गिऱ्हाइकाला सांगितलेला भाव दुसऱ्याला कळत नाही. प्रत्येकाशी नव्याने सौदा करता येतो. पण शेतकऱ्याच्या वतीने दलालाचा हात रुमालाखाली असेल, तर शेतकऱ्याच्या वाट्याला फक्त दोन चेहरे येतात. आणि चेहऱ्यावरून काही कळत नाही, हे वर बघितलंच. आत ठरलेला आकडा आणि बाहेर सांगितलेला आकडा एकच आहे का, हे त्याला तपासता येत नाही. बाजार समित्यांच्या कायद्याने शेतमालासाठी उघड लिलावावर भर दिला, त्यामागे हेच कारण आहे.

शेतकऱ्याचे 'टेल' कोण वाचतं?

खरी गंमत पुढे आहे. हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, आठवड्याला शेकडो सौदे बघतो. शेतकरी वर्षातून एखादा करतो. त्यामुळे हेड्याला चेहरा वाचायची गरजच पडत नाही. तो परिस्थिती वाचतो. ऊन कलल्यावरही जनावर दावणीलाच आहे का? परतीचा टेम्पो ठरलाय का? चारा महागलाय का? पेरणी तोंडावर आली आहे का? अहिल्यानगरसारख्या पर्जन्यछायेतल्या जिल्ह्यात पावसाने ओढ दिली की शेतकऱ्याची निकड सगळ्या बाजाराला माहीत असते. 'आजच विकायचाय' हे वाक्य म्हणजे पत्ते उघडे करून खेळणं.

पोकरमधले तरबेज खेळाडूही हेच करतात. कोण केव्हा किती बोली लावतो, नेहमीपेक्षा आज काय वेगळं करतोय, याची ते मनात नोंद ठेवतात. २०१९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांनी बनवलेल्या प्लुरिबस या प्रोग्रॅमने सहा जणांच्या पोकरमध्ये व्यावसायिक खेळाडूंना हरवलं. त्याला डोळे नव्हते. त्याने एकही चेहरा वाचला नाही, फक्त बोली आणि शक्यतांचं गणित मांडलं.

मग करायचं काय?

समोरच्याचा चेहरा वाचण्यापेक्षा जे तपासता येतं ते तपासा. बैल घेताना विकणाऱ्याच्या डोळ्यात बघण्यापेक्षा बैलाचे दात बघा. साधारण दोन-अडीच वर्षांच्या आसपास समोरचे पहिले दोन कायमचे दात येतात, मग चार, मग सहा. आठही आले की बैल पाचेक वर्षांचा झाला असं समजायचं. जनावर चालवून बघा. गाय-म्हैस असेल तर धार काढून बघा.

विकताना सौद्याआधी आपल्यासारख्याच चार जनावरांचा भाव काढा. किती रुपयांच्या खाली द्यायचं नाही, तो आकडा घरूनच ठरवून निघा. रुमाल पडलाच, तर त्याखाली दलालाचा नाही, तुमचा हात असू द्या. नाहीतर आकडा सगळ्यांसमोर मोठ्याने बोलायला लावा, पैसे मोजून घ्या आणि पावती केल्याशिवाय कासरा सोडू नका.

आणि रील्स बघून ऑनलाईन पोकरमध्ये नशीब काढायचा विचार असेल, तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाईन गेम्सवर बंदी घातली आहे. तसंही मोबाईलच्या स्क्रीनवर कोणाचा चेहरा दिसत नाही आणि हातही दिसत नाही. तिथे 'बॉडी लँग्वेज शिकवतो' म्हणून कोणी पैसे मागत असेल, तर वाचण्यासारखी खूण तीच आहे.